बुंदीची वर्गणी

लहान मुलं फार दानशूर असतात, निरागस असतात वगैरे आपण सरसकट म्हणून टाकतो, पण मला विचाराल तर लहान मुलांइतका चिवट आणि हिशेबी देणगीदार दुसरा कोणी नसेल. आपण मोठी माणसं काय करतो, क्यूआर कोड स्कॅन केला, पाचशे टाकले, फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, चारजणांनी हात जोडले की विषय संपला. पोरं दहाच रुपये देतील पण त्या दहा रुपयांचं पुढे काय झालं हे तुमचा पिच्छा पुरवून विचारतील.

आमच्या गेटबाहेर बुंदी नावाची कुत्री असते (अंगावर बारीक पिवळसर ठिपके म्हणून बुंदी, नाव अर्थात पोरांनीच ठेवलेलं). तिला एका टेम्पोनं उडवलं, वॉचमनकाकांनी कुठेतरी फोन लावला, एका प्राण्यांच्या संस्थेची गाडी आली आणि तिला घेऊन गेली. मागचा पाय मोडला होता. मोठ्यांच्या लेखी प्रकरण तिथे मिटलं आणि पोरांच्या लेखी तिथनं सुरू झालं, कारण संध्याकाळी पार्किंगमध्ये समितीच स्थापन झाली. आपल्याकडच्या पोरांना पैसे गोळा करायला वेगळं शिकवावं लागत नाही, गणपतीच्या वर्गणीत सगळी ट्रेनिंग झालेली असते, त्यामुळे अध्यक्ष कोण, खजिनदार कोण यावरची भांडणं धरूनसुद्धा तासाभरात पावतीपुस्तक तयार. वहीची पानं फाडून केलेलं, पण कार्बन पेपर मात्र ओरिजिनल, कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटातनं निघालेला.

दारात आले. "काकू, बुंदीची वर्गणी." मी शंभराची नोट काढली, म्हटलं पन्नास घ्या, पन्नास परत द्या. खजिनदारीणबाई, चौथीतल्या, डोळ्याला डोळा भिडवून म्हणाल्या, "सुट्टे आहेत आमच्याकडे, पण तुम्हाला खरंच परत हवेत का?" आता यावर काय बोलणार. शंभरची पावती फाडून घेतली.

पण मला जास्त मजा आली ती त्यांचे स्वतःचे पैसे बाहेर निघताना. दुसरीतला एक मुलगा मातीचा गल्ला घेऊन जिन्यात बसला होता. फोडायचा नव्हता, म्हणून गल्ला उलटा धरून, भोकात आईची केसांची पिन घालून एकेक नाणं ओढून काढत होता, आणि निघालेलं प्रत्येक नाणं दोन्ही बाजूंनी बघून त्याचे दोन ढीग करत होता. एक बुंदीचा आणि एक स्वतःचा. चमकणारी नाणी स्वतःच्या ढिगात, काळी पडलेली बुंदीच्या. तरी शेवटी बुंदीचा ढीग मोठा झाला हे त्याच्या लक्षात आलं, थोडा वेळ विचारात पडला, मग स्वतःच्या ढिगातलं एक चमकणारं नाणं उचललं आणि बुंदीच्या ढिगात टाकलं. का टाकलं विचारलं तर म्हणाला, "असंच." संस्थेला जुने टॉवेलपण लागतात असं कळल्यावर मात्र याच पठ्ठ्यानं स्वतःचा कार्टूनवाला टॉवेल द्यायला साफ नकार दिला, बाबांचा दिला. म्हणून म्हणते, निरागस वगैरे काही नाही, त्यांचं स्वतःचं एक दरपत्रक असतं आणि ते बऱ्यापैकी कडक असतं.

मग रद्दी. घरोघरची रद्दी गोळा करून विकायची आयडिया. रद्दीवाला काटा मारतो असं कुणीतरी घरात ऐकलेलं, त्यामुळे एकजण आधीच घरचा वजनकाटा, तो आई वैतागून वैतागून वापरते तो, खाली घेऊन आला आणि प्रत्येक गठ्ठा आधी त्यावर ठेवून मगच रद्दीवाल्याकडे. तो बिचारा म्हणाला इतकी वर्षं धंदा करतोय, असा चेकिंग कुणी केला नाही. एवढं करून पैसे घेऊन पोरं संस्थेत गेली तर तिथली ताई म्हणाली, अरे, पेपरच आणायचे होते की! पिल्लांच्या पिंजऱ्यात खाली अंथरायला तिथे पेपर कायमच कमी पडतात. आता सोसायटीची रद्दी थेट तिकडे जाते आणि रद्दीवाला आमच्याकडे बघतसुद्धा नाही.

त्या संस्थेत मी सोबत गेले होते (गाडीत जागा होती म्हणून) आणि ती भेट म्हणजे भेट नव्हतीच, ऑडिट होतं. एक्सरे कितीला पडला? आमच्या पैशातनं बुंदीलाच औषध आणलं का दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला? ताईनं समजावलं की सगळे पैसे एकत्र जमा होतात आणि ज्याला गरज असेल त्याच्यासाठी वापरतात. हे उत्तर अजिबात पास झालं नाही. शेवटी ताईनं त्यांना शेजारच्या पिंजऱ्यातला दोन्ही डोळ्यांनी आंधळा म्हातारा कुत्रा दाखवला, समिती जरा बाजूला जाऊन कुजबुजली आणि अध्यक्षांनी येऊन जाहीर केलं, "याला पण चालेल." मग एकीला बुंदीच्या कानाला खाच दिसली, हिचा कान कुणी कुरतडला? ताई म्हणाली नसबंदी झाली की कानाला अशी खूण करतात, म्हणजे तिला परत पकडून नेत नाहीत. "नसबंदी म्हणजे काय?" त्या क्षणी सोबत आलेल्या तिन्ही पालकांना एकदम महत्त्वाचे मेसेज आले.

पावतीचा घोळ वेगळाच. पावती एका बाबांच्या नावानं करूया, एटी-जीमध्ये दाखवून इन्कम टॅक्समध्ये सूट घेता येईल, असं निघाल्यावर खजिनदारीणबाई भडकल्या. पैसे आमचे, नाव काकांचं का? तुम्हाला पॅन कार्ड नाही म्हणून, हे कारण तिला पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं पटलं नाही.

तसं बघितलं तर मुक्या जनावरांसाठी असा चोख हिशेब ठेवायची परंपरा जुनीच आहे. मुंबईत 1832 साली इंग्रज सरकारनं भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडला, चक्क दंगल झाली कुत्र्यांवरनं. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय (‘सर’ व्हायला अजून अवकाश होता) आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरपोळ (म्हाताऱ्या-अपंग जनावरांचा आसरा) उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपणच आपल्या मालावर लागा (म्हणजे एक प्रकारचा कर) बसवून घेतला. म्हणजे वर्गणीच ती. परळचं बैलघोडा हॉस्पिटल त्यानंतरचं, 1880 च्या दशकातलं, कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, पण ते नाव सांगून टॅक्सी करून बघा. तेव्हाच्या त्या शेठ लोकांचं आणि आमच्या समितीचं छान जमलं असतं असं मला उगाच वाटतं.

हेमलकशाची गोष्टही मी त्यांना सांगितली, प्रकाश आमट्यांनी माडिया आदिवासींकडनं मेलेल्या माकडिणीचं जिवंत पिल्लू तांदूळ देऊन सोडवून घेतलं आणि तिथनं त्यांचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं ती. मला वाटलं डोळे पाणावतील. पहिला प्रश्न आला, "किती किलो?"

बुंदी आता परत आलीये, थोडी लंगडते, टेम्पो दिसला की भुंकते, रास्त आहे. समिती मात्र बरखास्त व्हायचं नाव घेत नाही कारण शिल्लक उरलीये आणि ती कशावर खर्च करायची यावर रोज पार्किंगमध्ये राडा. संक्रांतीला नायलॉन मांजात अडकलेल्या पक्ष्यांसाठी द्यायची असं जवळजवळ ठरलं होतं (2017 पासून बंदी आहे त्या मांजावर, मिळतो कुठेही), पण त्यात कबुतरं धरायची की नाही यावर गाडं अडलं. एकाच्या आजीला कबुतरांमुळे खोकला आहे, त्याचा सक्त विरोध. काल मतदान झालं, बरोबरीत सुटलं, आणि आज दुपारी परत बेल वाजली, दारात पोरगा, हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेली. "काकू, ही कबुतरांची वेगळी वर्गणी. आजीला सांगू नका."