ळ जागचा हलेना

गणपतीची चवथ दोन दिवसांवर आली होती. म्हापशातल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात मी आणि साखळी गावची एक शिकाऊ मुलगी, दोघंच उरलो होतो. एका ग्रंथालयाची मराठी पुस्तकसूची संध्याकाळपर्यंत द्यायची होती आणि तिचा क्रम चुकत होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे, त्यामुळे संगणक ‘कला, कळा, कवी, कसा’ असं लावतो. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो, म्हणून ‘कला, कवी, कसा, कळा’ असं हवं. मराठी वाचकाच्या हातात जाणाऱ्या सूचीत ही चूक मला अजिबात चालत नाही.

विम या एडिटरमध्ये वर क्रम लावणारी पायथनची स्क्रिप्ट आणि खाली टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायची, खिडकी. दुरुस्ती केली, सेव्ह केलं, खाली चालवलं. ळ तिथेच. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. दीड तास मी वर्णक्रमाचा तक्ता अक्षर-अक्षर तपासत होतो आणि तो बरोबरच होता. मग मुद्दाम पहिल्याच ओळीत एक प्रिंट, म्हणजे पडद्यावर मजकूर उमटवणारी आज्ञा, घातला. तोसुद्धा उमटेना.

मुलगी म्हणाली, “दादा, वर आणि खाली, दोन्हीकडे पीडब्ल्यूडी करून बघूया?”

केलं. ही आज्ञा आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते सांगते. वर जुन्या कामाचा फोल्डर, खाली नवा. सकाळी मी टर्मिनलमध्ये सीडी या फोल्डर बदलण्याच्या आज्ञेने नव्या फोल्डरात गेलो होतो, एडिटर मात्र जिथे सुरू केला तिथेच होता. स्क्रिप्टचं नाव दोन्हीकडे एकच. मी दुरुस्त करत होतो एक प्रत, चालवत होतो दुसरी.

मी तिला खुर्ची ओढून बसवलं आणि कागदावर काढून दाखवलं. चालू डिरेक्टरी, म्हणजे आपण असतो तो फोल्डर, ज्या त्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, स्वतःची असते. विमने शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, सुरू केला की जन्मताना त्याला विमची डिरेक्टरी मिळते, पण पुढे तो कुठेही गेला तरी विमला पत्ता लागत नाही. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी लिहून ठेवलंय, की पीडीपी-७ या जुन्या संगणकावर फोर्क, म्हणजे नवी प्रोसेस जन्माला घालण्याची सोय, आल्यावर डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा अचानक निरुपयोगी झाली. ती आज्ञा चालवणारी नवी प्रोसेस आपली जागा बदलायची आणि संपून जायची, शेल होता तिथेच राहायचा. तेव्हापासून ती आज्ञा शेलच्या पोटातच आहे.

उपाय एवढाच, की शेलने स्वतःहून सांगावं. प्रत्येक प्रॉम्प्टबरोबर आपला पत्ता ओएससी ७ या खुणेने पाठवायला बॅश या आमच्या शेलला शिकवलं आणि तो पत्ता ऐकून विमलाही त्याच फोल्डरात नेणारं ‘ऑटोशेलडिर’ विममध्ये चालू केलं. उलट दिशेने, म्हणजे एडिटरमागे शेल फिरवणं, मला पटत नाही. आज्ञा शेलमध्ये चालतात, तिथे पायाखालची जागा आपोआप बदलणं धोक्याचं.

नव्या फोल्डरातली स्क्रिप्ट उघडून तोच तक्ता तिच्यात घातला. ‘कसा’च्या खाली ‘कळा’ आला. मुलीने पूर्ण सूची वरून खाली वाचली, मगच पिशवी उचलली. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीसाठी सुपारीचा घोस घ्यायचा राहिला होता आणि बाजार अजून उघडा होता.