गेटवर बॅग मागितली तर

केबिन बॅग भरताना ती शेवटपर्यंत आपल्याजवळच राहील, असं धरून चालू नका. माप बरोबर, वजन बरोबर, तिकिटात परवानगी, एवढं सगळं असूनही गेटवर बॅग काढून घेतली जाऊ शकते. तशी वेळ आलीच तर अर्ध्या मिनिटात ती देऊन मोकळं होता यावं, अशी भरणी हवी. बाकीच्या सगळ्या खबरदाऱ्या त्यानंतर येतात.

आधी मापाचं बोलू, कारण तिथे फसगत जास्त होते. सगळ्या विमान कंपन्यांना लागू असं एकच माप नाही. आयएटीए या विमान कंपन्यांच्या संघटनेची शिफारस 56 × 45 × 25 सेंटिमीटरची आहे, पण ती शिफारसच. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या 22 × 14 × 9 इंच, म्हणजे साधारण 56 × 36 × 23 सेंटिमीटर मानतात. रायनएअर या युरोपातल्या स्वस्त विमान कंपनीत मोठ्या केबिन बॅगेचे वेगळे पैसे भरले, तरी मर्यादा 55 × 40 × 20 आहे. 2015 मध्ये आयएटीएने 55 × 35 × 20 असं सामायिक माप सुचवलं होतं, पण विरोध झाल्यावर ते बाजूला ठेवलं गेलं.

या आकड्यांत उंची जवळपास सारखीच आहे. फरक रुंदीत आणि जाडीत आहे. जाडी पाहा: 25, 23, 20. बॅग अडकते ती इथेच. पुढच्या कप्प्यात जाकीट कोंबलं, वाढीव चेन उघडली की जाडी सहज चार-पाच सेंटिमीटरने वाढते. म्हणून बॅग पूर्ण भरून, उभी ठेवून टेप लावा: जमिनीला टेकलेल्या चाकापासून खाली बसवलेल्या हँडलच्या टोकापर्यंत उंची, आणि पुढचा फुगवटा धरून जाडी. दुकानातल्या लेबलवरची उंची पुष्कळदा चाकं सोडून दिलेली असते, आणि 'कॅबिन साइझ' हा शिक्का बनवणाऱ्याने मारलेला असतो, विमान कंपनीने नाही. प्रवासात दोन-तीन कंपन्यांची विमानं असतील तर त्यातलं सर्वांत लहान माप आणि सर्वांत कमी वजन धरा. तिकिटावर नाव कुणाचं का असेना, विमान प्रत्यक्ष कोण उडवतंय तेही पाहा.

वजनाबद्दल एवढंच: मर्यादा 7 किलोची आणि रिकामी टणक बॅगच 3 किलोची असेल, तर सामानाला 4 किलो उरतात. अशा प्रवासाला हलकी कापडी बॅग घ्या आणि हातातल्या डिजिटल काट्यावर घरीच तोलून निघा. गेटवर लागणारं शुल्क बहुधा ऑनलाइन किंवा काउंटरवरच्या शुल्कापेक्षा जास्त असतं. बॅग मापाबाहेर जातेय हे आधी कळलं, तर आधीच चेक-इन करा.

माप बरोबर असूनही बॅग का घेतात? कारण जागाच नसते. जुन्या घडणीच्या कप्प्यांत बॅगा आडव्या ठेवाव्या लागतात. बोईंगच्या नव्या मोठ्या कप्प्यांत त्या कडेवर उभ्या राहतात, म्हणून चारच्या जागी सहा मावतात. एटीआर 72 किंवा सीआरजेसारख्या लहान विमानांत तर नेहमीची चाकांची बॅग वरच्या कप्प्यात बऱ्याचदा जातच नाही. तिथे नियम काय म्हणतो याला अर्थ उरत नाही. शिवाय सगळं सामान जागेवर लागल्याशिवाय दार बंद करता येत नाही. कप्पे भरल्याचं आत गेल्यावर कळलं, तर बॅग गर्दीतून उलटी बाहेर आणावी लागते आणि उड्डाण रखडतं. म्हणून गेटवरचे कर्मचारी अंदाजाने आधीच थांबवतात. कधी कधी आत जाऊन पाहावं तर कप्पा रिकामा असतो. चीड येणं साहजिक आहे, पण गेटवर वाद घालून बॅग परत मिळत नाही. लवकरच्या गटात चढता येत असेल तर रांगेत वेळेवर उभं राहणं, हा त्यातल्या त्यात खरा उपाय.

बॅग द्यायचीच झाली, तर एक प्रश्न विचारा: 'ही विमानाच्या दाराशी परत मिळेल, की शेवटच्या मुक्कामी बेल्टवर?' लहान विमानांत बहुधा दाराशी ठेवलेली बॅग उतरल्यावर तिथेच हातात मिळते. मोठ्या विमानांत ती नेहमीच्या चेक-इन सामानात जाते आणि टॅगवर लिहिलेल्या विमानतळावरच निघते. मध्ये विमान बदलायचं असेल, तर टॅगवरची तीन अक्षरं तुमच्या शेवटच्या ठिकाणाचीच आहेत ना, हे तिथल्या तिथे वाचा. परदेशातून अमेरिकेसारख्या देशांत उतरलात, तर पुढचं विमान देशांतर्गत असलं तरी पहिल्या विमानतळावर बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं आणि पुन्हा जमा करावी लागते. त्या वेळेचा हिशेब ठेवा. आधीच्या प्रवासाचे टॅग आणि बारकोडचे छोटे स्टिकर सोलून टाका, बॅग भलतीकडे जाण्याचं ते एक कारण असतं. नव्या टॅगचा दहा आकडी नंबर असलेली पावती घ्या, बॅगेचा फोटो काढा.

आता बॅगेतून काय काढायचं ते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या काढायच्याच, यात तडजोड नाही. त्या पेटल्या तर केबिनमध्ये कर्मचारी आग आवरू शकतात. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या डब्यात कुणी पोचू शकत नाही. ई-सिगारेटलाही हाच नियम. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते: मिलिअँपिअर-अवरला हजाराने भागा आणि व्होल्टने गुणा. 20,000 ची पॉवर बँक 3.7 व्होल्टवर 74 वॉट-अवर होते. 100 पर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, 100 ते 160 ला कंपनीची संमती लागते, त्यापुढे बंदी. काही कंपन्यांचे नियम याहून कडक असतात. बॅगेतच चार्जिंगची बॅटरी बसवलेली असेल, तर ती निघते का हे विकत घेण्यापूर्वीच तपासा.

बॅटऱ्यांबरोबर औषधं, पासपोर्ट, कागदपत्रं, किल्ल्या, दागिने, लॅपटॉप आणि चष्मा. हे सगळं पहिल्यापासून एकाच सपाट कापडी पिशवीत भरा आणि ती पिशवी बॅगेच्या तोंडाशी, चेन उघडताच हाताला लागेल अशी ठेवा. घडी केलेली एक पातळ पाठपिशवीही सोबत असू द्या, म्हणजे बाहेर काढलेलं हातात सांभाळत बसावं लागत नाही. इन्सुलिनसारखं औषध गोठता कामा नये, ते कधीच खाली जाऊ देऊ नका.

टॅग लागला की जबाबदारीही बदलते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या 1999 च्या माँट्रियल करारानुसार हातातल्या सामानाच्या नुकसानीला कंपनीची चूक असेल तरच भरपाई मिळते. चेक-इन सामान मात्र कंपनीच्या ताब्यात असताना फुटलं किंवा हरवलं, तर चूक दाखवावी लागत नाही. मूळचाच दोष असेल तेवढा अपवाद. 28 डिसेंबर 2024 पासून या भरपाईची कमाल मर्यादा दर प्रवाशी 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. चाक तुटलेलं दिसलं तर बेल्टजवळून बाहेर पडण्याआधीच काउंटरवर तक्रार नोंदवून नंबर घ्या, आणि कंपनीला लेखीही कळवा: नुकसान झालं असेल तर बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत, उशिरा मिळाली असेल तर एकवीस दिवसांत. नुसतं काउंटरवर तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही.