ओपनरला तीन गुण

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची नवी टूर जाहीर झाली की आमच्यात आधी तारखा कुणी बघत नाही. आधी पोस्टर झूम करायचं. एडीने, म्हणजे त्यांच्या त्या हाडकुळ्या तोंडाच्या मॅस्कॉटने, कुठल्या अल्बममधला अवतार घेतलाय, हातात काय धरलंय, मागे काय जळतंय, हे बघायचं. २०२४ मध्ये 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' टूरची घोषणा झाली तेव्हा धाकट्या भावाने पोस्टरसुद्धा उघडलं नव्हतं. त्याचा मेसेज आला, "ताई, नावच वाच ना. 'रन टू द हिल्स' पक्कं." बरोबरच होतं. टूरचं नाव त्या गाण्याच्या ध्रुवपदातून उचललेलं. ज्या गाण्यावरून टूरचं बारसं झालं ते गाणं वगळायची छाती कुठल्या बँडची होणार?

आमचा खेळ साधा आहे. पहिल्या शोच्या आधी प्रत्येकाने सेटलिस्ट, म्हणजे शोमध्ये वाजणाऱ्या गाण्यांची पूर्ण यादी, लिहून ग्रुपवर टाकायची. बरोबर गाण्याला एक गुण, ओपनर, म्हणजे पहिलं गाणं, बरोबर आला तर तीन, एन्कोरचं, म्हणजे बँड स्टेजवर परत येऊन वाजवतो त्या भागाचं, शेवटचं गाणं बरोबर आलं तर दोन. यादी टाकल्यावर बदल नाही. आणि 'मला हवंय म्हणून' लिहिलेलं गाणं चुकलं तर एक गुण वजा. हा शेवटचा नियम मीच आणला, कारण आमच्यातली एक मैत्रीण दर टूरला 'इन्फिनिट ड्रीम्स' लिहायची आणि वर आमच्यावरच रुसायची. १९८८ च्या टूरनंतर त्यांनी ते वाजवलेलंच नाही, त्यात आमचा काय दोष!

सांगायचं ते हेच, की सेटलिस्टचा अंदाज आवडीवर बांधायचा नसतो. गाणं यादीत येतं किंवा गळतं त्याला कारणं असतात, आणि बहुतेक कारणांचा गाणं चांगलं की वाईट याच्याशी काही संबंध नसतो.

पहिलं कारण वेळ. मेडनचा शो दोन तासांच्या आतबाहेर संपतो, त्यात पंधरा ते सतरा गाणी बसतात. 'राइम ऑफ दि एन्शंट मॅरिनर' एकटं तेरा मिनिटांच्या वर जातं. ते घेतलं की चार-चार मिनिटांच्या तीन गाण्यांचा पत्ता कट. 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' जवळपास दहा मिनिटांचं. म्हणून आम्ही सगळ्यांनी दोन्हींपैकी एकच लिहिलं होतं आणि कुठलं, यावर आठवडाभर हमरीतुमरी झाली. त्यांनी दोन्ही वाजवली. २३ मिनिटांहून जास्त वेळ दोन गाण्यांत! पण नंतर नीट ऐकल्यावर त्यातली मेख लक्षात आली. लांब गाणी गायकाला जड जातात असं आपण धरून चालतो, आणि इथे तर उलट आहे. 'राइम'च्या मधल्या संथ भागात लाकडी जहाजाची करकर आणि निवेदन चालतं, 'सेव्हन्थ सन'चा उत्तरार्ध बराचसा वाद्यांचाच. गायक ब्रूस डिकिन्सन तेव्हा ६६ वर्षांचा होता आणि त्याला पुढे 'रन टू द हिल्स', मग एन्कोरला 'एसेस हाय' गायचं होतं. 'एसेस हाय' हे गळा काढून घेणारं गाणं आहे. दहा मिनिटांच्या गाण्यात त्याला श्वास घ्यायला जागा मिळते, चार मिनिटांच्या गाण्यात मिळत नाही.

दुसरं कारण ड्रमर. निको मॅकब्रेनला जानेवारी २०२३ मध्ये स्ट्रोक आला, उजव्या बाजूवर परिणाम झाला. तरी तो त्या वर्षीच्या टूरवर बसला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोच्या शोनंतर दौऱ्यांमधून निवृत्त झाला. त्याच्या जागी सायमन डॉसन आला, मेडनचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसच्या 'ब्रिटिश लायन' या दुसऱ्या बँडमधला. आमच्यातला एक जण स्वतः ड्रम वाजवतो. त्याने तेव्हाच सांगितलं होतं, "'व्हेअर ईगल्स डेअर' विसरा." ते गाणं १९८३ च्या 'पीस ऑफ माइंड'वरचं, निकोचा पहिला अल्बम, आणि त्याची सुरुवातच निकोच्या ड्रमवरच्या त्या झपाट्याने, म्हणजे फिलने, होते. नव्या माणसाला पहिल्याच टूरवर ती परीक्षा कोण देईल? शिवाय निको हे सगळं एका पायाच्या पेडलवर वाजवायचा, त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या कानात तोच ठसका बसलेला. ड्रमरसाहेब पुढे म्हणाले, "जुन्या तीन अल्बमांवर जोर असणार बघ. त्यांवर निकोच्या आधीचा ड्रमर क्लाइव्ह बर आहे. तुलना झालीच तर निकोशी होणार नाही."

बुडापेस्टला टूरचा पहिला शो झाल्यावर मोजून बघितलं. सतरांपैकी आठ गाणी पहिल्या तीन अल्बमांतली, म्हणजे क्लाइव्ह बरच्या काळातली. आता बँडने हे ड्रमरचा विचार करून ठरवलं की आणखी कशामुळे, ते त्यांनाच ठाऊक. पण आमच्या ड्रमरने तेव्हापासून जी कॉलर ताठ केलीये ती अजून खाली आलेली नाही.

तिसरं कारण फारसं कुणी धरत नाही, ते म्हणजे रंगमंच. मेडनच्या शोमध्ये गाणं बदललं की मागचा देखावा बदलतो. वर्षानुवर्षं हे रंगवलेले भलेमोठे पडदे असायचे, एकामागे एक टांगलेले, ठरलेल्या क्रमाने वर-खाली होणारे. त्यात आगीचे लोळ, दिवे, एडीच्या एन्ट्र्या. २०१८ च्या 'लेगसी ऑफ द बीस्ट' टूरला तर 'एसेस हाय'साठी स्टेजवर स्पिटफायर विमानाची प्रतिकृती लटकत होती आणि 'फ्लाइट ऑफ इकारस'ला डिकिन्सनच्या दोन्ही हातांतून ज्वाळा निघत होत्या. एवढा पसारा बांधल्यावर "आज जरा वेगळं काहीतरी वाजवू या" असं म्हणायची सोयच राहत नाही. ते विमान आधीपासून तयार ठेवायचं आणि मग गाणंच गाळायचं, असं कसं चालेल? म्हणून मेडनची यादी टूरभर जवळजवळ तीच राहते. २०२५ मध्ये पडद्यांच्या जागी मोठा व्हिडिओ स्क्रीन आला. वाटलं, आता तरी हात मोकळे झाले. पण नाही, रोज तीच सतरा.

यावर नाक मुरडणारे आहेत. मेटॅलिकाने २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमपासून एकाच गावात दोन रात्री आणि एकही गाणं परत नाही असा प्रकार सुरू केला. फिश या अमेरिकन बँडने २०१७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला तेरा रात्रींत २३७ गाणी वाजवली, एकही पुन्हा नाही. स्प्रिंगस्टीन तर पब्लिकच्या हातातले फलक वाचून फर्माइशी घेतो. त्यांच्या चाहत्यांना रोज नवा अंदाज बांधता येतो, मजा आहे. पण मला आमचीच तऱ्हा बरी वाटते. रोज बदलणाऱ्या यादीवर अंदाज बांधणं म्हणजे नुसता मटका. इथे वर्षा-दोन वर्षांतून एकच संध्याकाळ मिळते, आणि त्या संध्याकाळी सगळं उघडं पडतं. त्यासाठी अभ्यास करावा लागतो.

ती संध्याकाळ म्हणजे २७ मे २०२५, बुडापेस्ट. मॅनेजर रॉड स्मॉलवूडने आधीच आवाहन केलं होतं की फोन खिशात ठेवा, शो डोळ्यांनी बघा. आवाहन रास्त होतं. पण सगळ्यांनी ते पाळलं नाही म्हणून आम्हाला कळलं, त्यामुळे मी त्यावर फार बोलत नाही. शोच्या आधी स्पीकरवर यूएफओ या जुन्या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागतं, ती सगळ्यांना ओळखीची खूण. ते संपलं, दिवे गेले, स्क्रीनवर पूर्व लंडनच्या जुन्या गल्ल्या दिसायला लागल्या आणि 'दि आइड्स ऑफ मार्च' सुरू झालं.

इथे ग्रुपवर आरडाओरडा. 'दि आइड्स ऑफ मार्च' हा १९८१ च्या 'किलर्स'चा पहिला ट्रॅक, दोन मिनिटांचासुद्धा नाही, नुसती वाद्यं. रेकॉर्डवर त्याच्या पाठोपाठ 'रॅथचाइल्ड' येतं. माझ्या भावाने ओपनर म्हणून 'रॅथचाइल्ड'च लिहिलं होतं. त्याने तीन गुण स्वतःला देऊनही टाकले. आणि मग ड्रमच्या शेवटच्या ठोक्यानंतर जे आलं ते ते नव्हतंच. संथ, दबक्या पावलांची सुरुवात: 'मर्डर्स इन द रू मॉर्ग'. 'रॅथचाइल्ड' त्याच्यानंतर आलं, दुसऱ्या क्रमांकावर.

तीन गुण मिळाले ते त्या 'इन्फिनिट ड्रीम्स'वाल्या मैत्रिणीला. तिचं म्हणणं सरळ होतं. २००५ मध्ये त्यांनी सुरुवातीच्या अल्बमांची टूर केली तेव्हा शो असाच सुरू व्हायचा, आधी 'आइड्स', मग 'मर्डर्स'. बँडने एकदा जमवलेली जोडी असताना ते नवीन कशाला जुळवतील? रेकॉर्डचा क्रम आम्हा सगळ्यांना पाठ होता, स्टेजचा क्रम फक्त तिला.

बाकी यादीत दोन गोष्टी मला आधीपासून दिसत होत्या. घोषणेत म्हटलं होतं, पहिल्या नऊ अल्बमांची टूर, १९८० ते १९९२. नऊच का? आठवर थांबलं असतं तर १९९० मध्ये थांबावं लागलं असतं आणि १९९२ चं 'फिअर ऑफ द डार्क' बाहेर राहिलं असतं. २००८ ची टूर ऐंशीच्या दशकाची म्हणून गाजवली, तरी त्यातही ते गाणं घुसवलेलं होतंच. त्या गाण्याचा आलाप सगळं स्टेडियम एका सुरात गातं, ते सोडायला कोण तयार होणार? मला विचाराल तर कुंपणच त्या गाण्याला आत घेण्यासाठी घातलं होतं. पुरावा असा, की नवव्या अल्बममधलं तेवढं एकच गाणं वाजलं आणि आठव्या, 'नो प्रेयर फॉर द डाइंग'मधलं एकही नाही. त्यात 'ब्रिंग युअर डॉटर टू द स्लॉटर' आहे, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्यांचं एकमेव सिंगल. ते बिचारं परत बाकावरच बसलं.

दुसरी गोष्ट, कुठलंच गाणं कायमचं हक्काचं नसतं. २०२३ च्या 'फ्यूचर पास्ट' टूरला त्यांनी 'द नंबर ऑफ द बीस्ट', 'रन टू द हिल्स' आणि 'हॅलोड बी दाय नेम' तिन्ही एकदम बाहेर ठेवली. कित्येक जण भडकले. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, कारण त्या जागेत 'अलेक्झांडर द ग्रेट' बसलं. १९८६ च्या अल्बमवरचं गाणं, ३७ वर्षांत एकदाही स्टेजवर न आलेलं. २८ मे २०२३ ला ल्युब्लियानात ते पहिल्यांदा वाजलं, तेव्हा भावाने फोन केला आणि काही न बोलता नुसता फोन स्पीकरला लावून धरला. आवाज फाटत होता, गिटार की शिट्ट्या ते कळत नव्हतं. मी तरी शेवटपर्यंत ऐकलं. यादी आवडीवर लिहायची नाही हे मी मघाशी सांगितलं, पण अशा गाण्यांमुळे तो नियम पाळणं अवघड होऊन बसतं हेही खरं.

तर आता २०२६ चा टप्पा. ११ जुलैला इंग्लंडमधल्या नेबवर्थ पार्कला शो आहे, आणि एवढ्या मोठ्या मैदानासाठी ते काहीतरी राखून ठेवतील असं सगळ्यांनाच वाटतंय. माझी यादी टाकून झाली आहे. ओपनरला ते हात लावणार नाहीत. 'हॅलोड', 'ट्रूपर', 'आयर्न मेडन' जागच्या जागी. 'राइम' राहील, कारण त्यासाठीचा व्हिडिओ एकदा बनलाय. बदल झालाच तर मधल्या दोन-तीन जागांवर, आणि त्यातली एक 'द क्लेअरव्हॉयंट'ची जाईल. ते गेलं तर 'सेव्हन्थ सन'च्याच अल्बममधलं दुसरं काहीतरी आत येईल असा माझा तर्क, म्हणजे 'द इव्हिल दॅट मेन डू' किंवा 'इन्फिनिट ड्रीम्स'. मी 'इव्हिल' लिहिलंय. ते त्यांना सोपं आहे, लोकांना पाठ आहे, आणि डिकिन्सनच्या गळ्याला 'इन्फिनिट ड्रीम्स'पेक्षा परवडतं.

मैत्रिणीने काय लिहिलं असेल ते सांगायला नको. वजा गुणाच्या नियमावरून तिने मला विचारलंय की या वेळी ते गाणं खरंच वाजलं तर तिला एकच गुण मिळणार की आजवरचे कापलेले सगळे परत. भाऊ तिच्या बाजूने आहे. ड्रमर म्हणतो, आधी वाजू तर दे.