मुंबईचा बिशप नेमायचा कोणी?

मुंबई महाधर्मप्रांताचा इतिहास सांगताना बहुधा आर्चबिशपांची नामावळी पुढे केली जाते. कोण कधी आले, किती वर्षे राहिले, कोणती शाळा उभारली, कोणाला कार्डिनलपद मिळाले, असा सगळा तपशील त्यात असतो. नामावळी चुकीची नसते, पण १९५० सालापूर्वीचा भाग वाचताना एक प्रश्न सतत खटकत राहतो, तो म्हणजे या माणसांना नेमण्याचा अधिकार नक्की कोणाचा होता? लिस्बनच्या राजाचा, रोममधल्या पोपचा की फोर्टात बसलेल्या कंपनी सरकारचा? माझ्या मते मुंबईच्या बिशपांचा इतिहास हा मुख्यतः या एका प्रश्नाचा इतिहास आहे. आमच्या वसईत आणि साष्टीत ज्या पिढ्यांनी हा वाद अंगावर झेलला त्यांची आठवण मात्र कोणत्याही नामावळीत नाही.

वादाचे मूळ पाद्रोआदो नावाच्या व्यवस्थेत होते. पूर्वेकडे चर्च उभारायचे, धर्मगुरूंना पोसायचे आणि त्यांचा प्रवासखर्च सोसायचा, आणि त्या बदल्यात बिशपपदासाठी नाव सुचवण्याचा हक्क घ्यायचा, असा पोर्तुगालच्या राजाचा पोपशी करार होता. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ साली स्थापन झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि वसई, साष्टी व मुंबईची बेटे आपोआप गोव्याच्या बिशपांच्या अखत्यारीत गेली. पुढे शंभर वर्षांत पोर्तुगालची ताकद ओसरली, पण हक्क सोडण्याची त्याची तयारी नव्हती. रोमने १६२२ साली प्रोपागांडा फिदे हे धर्मप्रसाराचे स्वतंत्र खाते काढले आणि जिथे पोर्तुगीज सत्ता पोहोचत नव्हती तिथे थेट पोपच्या वतीने व्हिकर अपोस्टोलिक नेमायला सुरुवात केली. व्हिकर अपोस्टोलिकला बिशपाची दीक्षा असे, पण त्याच्या नावाला जोडलेला धर्मप्रांत कुठल्या तरी लुप्त झालेल्या प्राचीन शहराचा असे. त्यामुळे कागदोपत्री राजाच्या हक्काला धक्का लागत नसे. राजाला अर्थातच ही युक्ती कळत होती.

या नव्या व्यवस्थेतला आपल्या भागातला पहिला माणूस गोव्याच्या दिवाडी बेटावरचा होता. मातेउस द कास्त्रो हे ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण घराण्यातले होते. त्यांना धर्मगुरू व्हायचे होते, पण गोव्याच्या आर्चबिशपांनी नकार दिला. त्यांनी तो मुकाट्याने सोसला नाही. ते रोमला गेले, तिथे शिकले, तिथेच दीक्षा घेतली आणि १६३७ साली बिशप होऊन विजापूरच्या आदिलशाही मुलखाचे व्हिकर अपोस्टोलिक म्हणून नेमले गेले. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. मुंबई महाधर्मप्रांत आपली वंशावळ याच १६३७च्या नेमणुकीपर्यंत नेतो.

गोव्याने त्यांना मानले नाही. मग कास्त्रोंनी पोर्तुगीज हद्दीच्या अगदी लगत, पण आदिलशाही मुलखात असलेल्या डिचोलीत बस्तान बसवले. डिचोली, बांदा, वेंगुर्ला हा त्यांचा टापू होता. गोव्यात ज्यांना दीक्षा मिळत नव्हती अशा स्थानिक तरुणांना ते इथे दीक्षा देत आणि गोव्यातले अधिकारी ती दीक्षा ग्राह्य धरत नसत. नकाशावर डिचोली आणि दिवाडी यांच्यातले अंतर पाहिले की या भांडणाची धार कळते, कारण ज्या गावात त्यांचा जन्म झाला तिथे त्यांच्या बिशपपदाला किंमत नव्हती आणि एका दिवसाच्या वाटेवर ते स्वतः धर्मगुरू घडवत होते. १६५३ साली त्यांनी गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्ती मंडळींना उद्देशून पोर्तुगीजांविरुद्ध जळजळीत लिखाण केले, आणि गोवा जिंकण्यासाठी ते डच व आदिलशहाशी संधान बांधत असल्याचा आरोप पोर्तुगीजांनी केला. अखेरची वर्षे त्यांनी रोममध्ये काढली आणि तिथेच ते वारले. आजच्या राष्ट्रवादी चष्म्यातून त्यांना थेट स्वातंत्र्यवीर ठरवणारे लेखन वाचनात येते. मला ते पटत नाही. त्यांचा लढा चर्चच्या आतला होता, आणि त्यांनी मागितला तो अधिकार स्वतःसह आपल्या जातीच्या माणसांसाठी होता, हेही विसरून चालणार नाही. तरीही रोमचा कागद हातात असलेला बिशप केवळ कातडीच्या रंगामुळे आणि राजाच्या हट्टामुळे आपल्याच गावाबाहेर उभा राहतो, ही गोष्ट या इतिहासाच्या पहिल्याच पानावर असावी, याचे महत्त्व कमी होत नाही.

मुंबईच्या बेटांवर हा वाद आला तो इंग्रजांमुळे. १६६१च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला देताना तिथल्या कॅथलिकांना धर्मपालनाचे स्वातंत्र्य राहील असे ठरले होते आणि चर्चेस फ्रान्सिस्कन संघाच्या पोर्तुगीज पाद्र्यांच्याच हाती राहिली. पण शेजारी वसईत पोर्तुगीज आणि इकडे त्यांचेच पाद्री, हे कंपनीला परवडेना. १७२० साली कंपनीने त्या पाद्र्यांना बेटाबाहेर काढले आणि चर्चेसचा कारभार प्रोपागांडाने पाठवलेल्या कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंकडे, म्हणजे व्हिकर अपोस्टोलिक बिशप मॉरिस यांच्याकडे सोपवला. कॅथलिकांचा बिशप कोण हे प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांची कंपनी ठरवते आहे, यात त्या काळी कोणाला फारसे वावगे वाटलेले दिसत नाही. पुढे १७८९ साली कंपनीने तीच चर्चेस गोव्याच्या आर्चबिशपांना परत दिली, १७९१ साली पुन्हा कार्मेलाइटांना दिली आणि अखेर १७९४ साली वाटणी करून टाकली: दोन चर्चेस गोव्याच्या बाजूला, दोन व्हिकर अपोस्टोलिकच्या बाजूला. मुंबईतली दुहेरी सत्ता ती हीच.

दुहेरी सत्ता म्हणजे एका गावात दोन चर्चेस, दोन फादर आणि दोन बिशप. वांद्र्यात सेंट अँड्र्यू गोव्याकडे, तर सेंट पीटर रोमच्या बाजूच्या जेझुइट संघाच्या धर्मगुरूंकडे. १८३८ साली पोपने एका फर्मानाने पाद्रोआदोच्या अनेक धर्मप्रांतांचा अधिकार काढून घेतला तेव्हा गोव्याच्या बाजूच्या लोकांनी ते फर्मानच खोटे ठरवले आणि दुसरी बाजू त्यांना फुटीर म्हणू लागली. एकाच मिस्सेला, एकाच लॅटिन भाषेत, एकाच पोपचे नाव घेऊन प्रार्थना करणारी ही माणसे होती.

या भांडणाचा कळस माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये झाला. आज बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला तिथे सर्व धर्मांची माणसे रस्त्यावर रांग लावतात. इमारतही नवी, १९७३ची. पण याच जागी १८५३ साली एक बिशप कोंडून घेऊन बसले होते. मूळचे स्वित्झर्लंडचे, कपुचिन संघाचे अनास्तासियस हार्टमन त्या वेळी मुंबईचा कारभार पाहत होते. ‘एक्झामिनर’ हे साप्ताहिक त्यांच्याच काळात, १८५० साली सुरू झाले. माहीमच्या धर्मग्रामातल्या मोठ्या गटाला गोव्याच्या बाजूला जायचे होते. हार्टमन यांनी फुटिरांच्या हाती चर्च देण्यापेक्षा मरण पत्करू अशी भूमिका घेतली आणि ते आपल्या माणसांसह आत राहिले. बाहेरच्या मंडळींनी चर्चला वेढा घातला आणि आत अन्नपाणी जाऊ दिले नाही. हा प्रकार पंधरा दिवस चालला. अखेर सरकारने मध्ये पडून दारे उघडली आणि चर्च गोव्याच्या बाजूला दिले.

हार्टमन हे पुढे संतपदाच्या वाटेवर नेले गेलेले धर्मनिष्ठ गृहस्थ, आणि त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण मला बाहेर वेढा घालून बसलेल्यांविषयी अधिक कुतूहल आहे. हे कोळी, भंडारी, शेतकरी, कारकून असे लोक पोर्तुगालच्या राजाच्या प्रेमापोटी तिथे बसले नव्हते. त्यांचे फादर गोव्याचे, म्हणजे रंगाने आणि बोलीने जवळचे होते. दुसरी बाजू युरोपियन मिशनऱ्यांची होती. पोर्तुगालचा हक्क नावाला जुनाट आणि परका, पण त्याच्या आडोशाला देशी धर्मगुरूंची परंपरा टिकून राहिली. रोमची व्यवस्था तत्त्वाने आधुनिक, पण तिचे प्रतिनिधी जवळजवळ सगळे गोरे. कास्त्रोंच्या काळातल्या बाजू इथे अगदी उलट्या झाल्या होत्या.

हार्टमन यांच्यानंतर मुंबई जेझुइटांकडे गेली आणि पुण्याचा कारभार वेगळा झाला. बिशप लिओ म्यूरिन यांच्या कारकिर्दीत सेंट झेवियर्स कॉलेज उभे राहिले. १८८६ साली पोप तेरावे लिओ यांनी भारतात रीतसर धर्मप्रांतांची रचना केली, मुंबई महाधर्मप्रांत झाला आणि जॉर्ज पोर्टर पहिले आर्चबिशप झाले. पण त्याच वर्षी पोर्तुगालशी झालेल्या करारानुसार दमणचा धर्मप्रांतही निर्माण झाला आणि वसई, साष्टी व मुंबईतली पाद्रोआदोची धर्मग्रामे त्याला जोडली गेली. दमणच्या बिशपांना क्रांगनोरचे आर्चबिशप ही मानाची पदवी होती, म्हणजे मुंबई शहरात आता दोन आर्चबिशपांची सत्ता चालू लागली. कोण कोणाच्या अधिकारात, हे घर कोणत्या गल्लीत आहे यावरून नव्हे, तर घराणे मूळचे कुठले यावरून ठरत असे. पोर्टर १८८९ साली वारले. त्यांच्यानंतर आर्चबिशप डालहॉफ आणि युर्गन्स यांनी कारभार पाहिला. पहिल्या महायुद्धात जर्मन जेझुइटांना इंग्रज सरकारने परत पाठवले तेव्हा धर्मप्रांत जवळजवळ उघडा पडला. पुढे आलेले आल्बन गुडियर दुहेरी सत्तेच्या कटकटींना कंटाळून १९२६ साली पायउतार झाले.

तोडगा निघाला १९२८ साली. दमणचा धर्मप्रांत मोडला आणि त्याचा आपल्याकडचा भाग मुंबईत विलीन झाला. बदल्यात पोर्तुगालला एक अजब सवलत मिळाली: मुंबईचा आर्चबिशप पाळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असायचा. त्याप्रमाणे आधी पोर्तुगीज जेझुइट जोआकिम लिमा आणि मग १९३७ साली लिव्हरपूलहून इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स आले.

या सगळ्या नामावळीतला मला सर्वांत आवडणारा माणूस म्हणजे हे रॉबर्ट्स. पुढचा आर्चबिशप पोर्तुगीज येणार हे करारात लिहिलेले होते आणि तो भारतीय असावा असे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशियस यांना १९४६ साली सहायक बिशप करून घेतले, पोपशी बोलून ठेवले आणि स्वतः मुंबई सोडून निघून गेले. पदाचा राजीनामा मात्र दिला नाही, कारण जागा रिकामी झाली असती तर पोर्तुगालची पाळी लागली असती. जवळजवळ चार वर्षे आर्चबिशप परदेशात आणि कारभार ग्रेशियस यांच्या हाती, अशी स्थिती राहिली. देश स्वतंत्र झाला, २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाला, तरी मुंबईच्या आर्चबिशपपदावर हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालचा हक्क कायम होता. १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने तो सोडला. मग रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ग्रेशियस आर्चबिशप झाले. खुर्ची न सोडता दूर राहून दुसऱ्यासाठी ती राखणारे धर्माधिकारी इतिहासात फार सापडत नाहीत.

ग्रेशियस यांचा जन्म कराचीचा, घराणे गोव्याचे. १९५३ साली ते भारताचे पहिले कार्डिनल झाले आणि १९६४ साली त्यांच्याच कारकिर्दीत युखारिस्तिक काँग्रेस या कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यासाठी पोप सहावे पॉल मुंबईला आले. भारतात आलेले ते पहिले पोप. ही सगळी माहिती सहज मिळते, म्हणून त्यात शिरत नाही. त्यांच्यामागून १९७८ साली आलेले सायमन पिमेंटा मरोळचे, म्हणजे ईस्ट इंडियन होते. सोळाव्या शतकापासून ज्या समाजाने इथली चर्चेस भरली आणि जिथल्या घराघरांत मराठीची बोली बोलली जाते, त्या समाजातला माणूस आर्चबिशप व्हायला १९७८ साल उजाडले, याची नोंद मला स्थापनेच्या तारखेइतकीच महत्त्वाची वाटते. पिमेंटांनंतरचे आर्चबिशप आयव्हन डायस यांना २००६ साली रोमला बोलावून घेतले ते थेट प्रोपागांडाचे प्रमुख म्हणून. दिवाडीच्या कास्त्रोंना ज्या कचेरीने विजापूरला पाठवले होते, त्या कचेरीच्या खुर्चीवर वांद्र्यात जन्मलेला माणूस बसला. त्यानंतर ऑसवल्ड ग्रेशियस आणि २०२५ पासून जॉन रॉड्रिग्ज.

वसईचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईतून वेगळा झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे इथल्याच मातीतले, तुकोबांवर पीएच.डी. केलेले. त्यांची नेमणूक कोणी करायची याबद्दल लिस्बन, लंडन वा मुंबई सरकार यांच्यापैकी कोणालाही काही विचारावे लागले नाही, आणि आमच्याकडे त्या वेळी चर्चा रंगली ती कॅथेड्रल पापडीला की आणखी कुठे, मिस्सेतली गाणी कोणती आणि उत्तरेकडच्या आदिवासी पाड्यांवर फादर पुरेसे जाणार का, याच गोष्टींची.