तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या सासरची गरिबी

इथल्या गणपतीत, सांगलीला गेल्यावर, फोनवर मावसबहीण... प्रश्न तोच. "इतका पगार, मग तुझा नवरा हप्त्यावर साधी गाडी का घेत नाही?" गरिबीत वाढलाय म्हटलं की हसतात. "डब्लिनमध्ये कसली आलीय गरिबी!"

आज आयर्लंड श्रीमंत देश आहे, मान्य. त्याचं बालपण 1980 च्या दशकातलं. सासरे गोदीत कामाला होते. कंटेनर आले आणि माणसं नकोशी झाली. देशात शंभरातले सोळा-सतरा बेकार, त्यात हे एक. कॉर्पोरेशनच्या फ्लॅटमध्ये आठ मुलं. (आठ कशाला, हे मला विचारू नका. 1985 पर्यंत तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कंडोमसुद्धा मिळत नव्हता.)

मुलांमागे सरकारी भत्ता होता. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पोस्टात पुस्तक दाखवायचं, पैसे घ्यायचे. ते पुस्तक सावकारणीकडे गहाण. पोस्टाच्या दारात ती ते सासूबाईंच्या हातात द्यायची, आणि त्या बाहेर आल्या की पुस्तकही परत घ्यायची, पैसेही.

नवरा सात वर्षांचा असताना त्याचं फर्स्ट कम्युनियन झालं. आपल्या मुंजीसारखाच थाट: नवा सूट, चर्च, मग नातेवाइकांकडे आणि शेजाऱ्यांकडे फेरी. प्रत्येक जण हातावर काहीतरी ठेवतो. सूट अर्थातच कर्जाचा. दिवसभर तो खिशावर हात दाबून फिरला, कारण दुकानाच्या काचेतले फुटबॉलचे बूट त्याने हेरून ठेवले होते. संध्याकाळी घरी आला तर सावकारीण स्वयंपाकघरात चहा पीत बसलेली. तिच्यासाठी चांगला कप काढलेला. आई म्हणाली, "दाखव बघू राजा, किती जमले?" त्याने टेबलावर खिसा रिकामा केला. बाईने अंगठा जिभेला लावून नोटा मोजल्या, पर्समध्ये टाकल्या आणि पन्नास पेन्सचं नाणं त्याच्याकडे सरकवलं. "हा तुला खाऊ."

तो "थँक यू" म्हणाला. पैसे गेल्याचं त्याला आता काही वाटत नाही. आपण थँक यू म्हणालो, हे मात्र अजून सलतं.

लग्न नवीन असताना मीही वाद घालायचे. भत्ता मिळत होता, शाळा फुकट, दोन वेळा ब्रेड होता. आमच्या गल्लीत तेही नसलेली घरं होती. तेव्हाच्या मला आज पटेलसं उत्तर माझ्याकडे नाही. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासात शाळेतून पुठ्ठ्याची डबी यायची, गरीब देशांतल्या मुलांसाठी. त्या घरातूनही तिच्यात नाणी पडायची. सासूबाईंनी हे पहिल्याच भेटीत मला कौतुकाने सांगितलं, तेव्हा माझा नुसता संताप झाला होता.

पुढे एकदा त्यांनाच विचारलं. त्या तडकल्या. "गरीब? आम्ही? गरीब ते वरच्या मजल्यावरचे!"

नणंद वेगळंच सांगते. म्हणते, ती बाई होती म्हणून हिवाळ्यात कोळसा आला, बँकेने आम्हाला दारातही उभं केलं नसतं. हे खोटं आहे असं मला म्हणवत नाही. ख्रिसमसला विषय निघाला की नवरा यावर बोलायला तयार नसतो, आणि नणंद गप्प बसायला.