त्रेचाळीस टक्के

लहान कारखान्यांना सरकारी खरेदीसाठी तयार करून देणे हा माझा व्यवसाय आहे. बाहेरच्यांना वाटते की या कामात ओळखी लागतात. प्रत्यक्षात लागते ती कागदांची एकवाक्यता. पॅन, जीएसटी आणि उद्यम नोंदणी यांवरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे, सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक हवा, आणि उद्यम नोंदणीत उत्पादनाऐवजी केवळ व्यापार नमूद असेल, तर सूक्ष्म व लघुउद्योगांना मिळणारी बयाणा रकमेची सूट हातची जाते.

रुग्णालयांसाठी खाटा बनवणाऱ्या एका कारखानदारांची फाईल मी अशीच बांधत आणली होती. तोवर त्यांचा सगळा माल खासगी रुग्णालयांत जात असे. जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर एका सरकारी रुग्णालयाने अतिदक्षता विभागासाठी विजेवर चालणाऱ्या खाटांची निविदा काढली, तेव्हा त्यांनी प्रथमच तिकडे लक्ष दिले. त्या निविदेत फक्त 'क्लास वन लोकल सप्लायर' पात्र होते, म्हणजे २०१७ च्या मेक इन इंडिया प्राधान्य आदेशानुसार मालाच्या किमतीतील किमान ५० टक्के मूल्य देशात निर्माण झालेले हवे. १० कोटींहून मोठ्या खरेदीत हे लेखापरीक्षकाने प्रमाणित करावे लागते. त्याखाली पुरवठादाराची स्वयंघोषणा पुरते. स्वयंघोषणेचा मसुदा त्यांच्या लेखापालाने आधीच करून ठेवला होता आणि त्यात ७० टक्के असा गोल आकडा लिहिला होता.

अंतिम मुदतीच्या दिवशी मी खाटेच्या सुट्या भागांची यादी बिलांसह मागवली. त्या लेखापालांना हे अनावश्यक वाटले, आणि घोषणापत्राकडे शिक्का मारायचा कागद म्हणून पाहणारे ते एकटे नव्हेत. यादी मात्र फार बोलकी होती. लोखंडी सांगाडा, त्याची जोडणी, पावडर कोटिंग आणि बाजूचे कठडे हे सारे कारखान्यातलेच, आणि कामही देखणे. खाट वर-खाली करणाऱ्या चार मोटारी, नियंत्रण पेटी, हातातले रिमोट आणि एकाच वेळी चारही चाके रोखणारी कुलूपव्यवस्था मात्र एका वितरकाकडून घेतलेली. वितरक भारतीय, बिल रुपयांत, त्यावर जीएसटीही. त्यामुळे माल देशीच, अशी मालकांची प्रामाणिक समजूत होती. पण आयात केलेली वस्तू देशातल्या विक्रेत्याकडून घेतली म्हणून ती देशी मूल्यात मोजता येत नाही, हे २०२४ च्या सुधारित आदेशात स्पष्ट केलेले आहे. वाहतूक, खाट बसवून देणे आणि विक्रीनंतरची सेवा यांचा खर्चही त्यात धरता येत नाही. हे सगळे वजा करून मी हिशोब मांडला, तेव्हा आकडा ४३ आला.

लेखापाल म्हणाले, "मॅडम, सगळेच लिहितात." मी मालकांना एवढेच सांगितले की खोट्या घोषणेबद्दल दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाद केले जाऊ शकते. त्यांनी ती यादी पुन्हा एकदा वरपासून वाचली, मोटारींच्या ओळीवर बराच वेळ थांबले आणि घोषणापत्र सहीविना परत केले. मुदत संध्याकाळी संपली. आमची बोली गेली नाही.

तेव्हापासून ही व्यवस्था मला अधिकच अस्वस्थ करते. जिथे हिशोब गुंतागुंतीचा आहे, तिथेच तो पुरवठादाराच्या शब्दावर सोडलेला आहे, आणि छाननी करणाऱ्याला कागद जोडला आहे की नाही एवढे पाहून पुढे जाता येते. नावातल्या एका अक्षराच्या फरकावर खुलासा मागणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. सुट्या भागांची यादी मागणारे फार थोडे.

निकाल लागल्यावर मालकांचा फोन आला. निविदा मिळालेली संस्था त्याच वितरकाकडून त्याच मोटारी घेते, हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि तक्रार करावी का असे त्यांनी मला विचारले. मोटार तीच असली म्हणून टक्केवारी तीच असेल असे नाही. सांगाडा महाग असेल, तर आकडा ५० च्या वरही जाऊ शकतो. तक्रारीची तरतूद आदेशात आहे, त्यासाठी शुल्क आकारण्याची मुभाही खरेदीदाराला आहे. पण तक्रारीला पुरावा लागतो, तो म्हणजे त्या वितरकाची बिले, आणि आमच्या मालकांनाही मोटारी उधारीवर देणारा वितरक तोच आहे. मी त्यांना अजून उत्तर दिलेले नाही.