आईपासून लवकर तुटलेल्या मांजराच्या पिल्लाचं वजन वाढत नसेल तर

आधी ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा घ्या. रोज ठरावीक वेळी, खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. चार आठवड्यांचं पिल्लू साधारण ४०० ग्रॅम भरतं आणि दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. जंत झालेल्या पिल्लाचं पोट टम्म दिसतं आणि पाठीचा कणा मात्र हाताला टोचतो.

गाईचं दूध नको. त्यातली साखर पचत नाही, जुलाब होतात आणि कमावलेलं वजन दोन दिवसांत जातं. पिल्लांसाठीची दूध पावडर डब्यावरच्या प्रमाणातच कालवा. त्यात मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारं ओलं खाणं कुस्करून पातळ पेजेसारखं करा, कोमट करा आणि चार-पाच तासांनी थोडं थोडं द्या. बशीला तोंड लावत नसेल तर बोटाने ओठांना चाटवा. मग दर दोन-तीन दिवसांनी दूध कमी करत न्या.

सिरिंजने भरवताना पिल्लू पोटावरच हवं. बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. अंग गार असेल तर आधी ऊब द्या, कारण गारठलेल्या पोटात अन्न पचत नाही.

खाऊनही काटा हलत नसेल तर बहुतेकदा जंत निघतात. औषधाचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडूनच घ्या. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर पिसवा शोधा; इतक्याशा जीवाला त्या रक्त पिऊन मारू शकतात. एक दिवस जरी वजन घटलं किंवा खाणं सुटलं, तर त्याच दिवशी दवाखाना.